चांदीचं पाणी परत घेताना

९ जानेवारी

धाकटे,

खुशाली विचारायला हे पत्र लिहीत नाहीये, त्यामुळे पाकीट फोडल्या फोडल्या रुमाल शोधू नकोस. आपण बोललो नाही त्याला तीन वर्षं होऊन गेली. मला त्याने काही फरक पडलेला नाही. तुला पडला असेल तर तो तुझा प्रश्न.

फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच तोंड घालतेस. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

आधीच सांगून टाकते, मी चांदीचं पाणी अजून बनवते. तू सगळ्यांसमोर एक बाटली बेसिनमध्ये ओतलीस म्हणून मी गाशा गुंडाळला असेल, असं वाटत असेल तर तू मला ओळखलंच नाहीस. खिडकीखालच्या फळीवर काचेची बरणी आहे, तिच्यात डिस्टिल्ड पाणी, झाकणातून सोडलेल्या शुद्ध चांदीच्या दोन तारा आणि तारांना जोडलेल्या बॅटऱ्या. एका तारेपासून करडी रेघ सुटायला लागली की समजायचं, काम सुरू झालं. मग पाणी हळूहळू पिवळसर होत जातं. बरणीवर टॉर्च मारला की आत उजेडाची काठी उभी राहते. एकतीस वर्षं मी कारखान्यात चमच्यांना, ट्रेंना, बक्षिसाच्या कपांना चांदीचा मुलामा दिला. चांदी कुठे बसते आणि कुठे धरत नाही, हे मला पुस्तकात बघावं लागत नाही.

एक्केचाळीस घरी माझी बाटली जाते. फुकट. वॉचमनचा घसा, गाण्याच्या बाईंचा आवाज, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईचं पित्त, सगळ्यांना उतार पडला. रस्त्यात लोक मला चांदीकाकू म्हणून हाक मारतात. तू इतकी वर्षं हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत उभी आहेस, तुला कोणी प्रेमाने काही म्हणतं का?

आता मुद्द्याचं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, सत्तरीच्या आतबाहेरचे. त्यांची नखं मुळाशी निळसर करडी झाली आहेत. थंडीने असेल. हिरड्याही जरा तशाच. कुठलं खनिज कमी पडलं की असं होतं? जस्त आणि मॅग्नेशियम दोन्ही देऊन झालंय. एवढंच कळव. भाषण नको.

ताई


२७ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. ‘ते गृहस्थ रोज काय काय घेतात आणि किती वाजता, सगळं लिहून पाठव. भाऊजी कसे आहेत?’ झालं, संपलं. तीन वर्षांनी बहिणीला दोन ओळी! आणि मी नखांबद्दल विचारलं, तर त्यात भाऊजी कुठून आले?

असो. लिहिते. सकाळी सहाला थायरॉईडची गोळी. तिच्या पाठोपाठ कॅल्शियम, मग लोहाची, मग जस्त, मॅग्नेशियम, सेलेनियम, आणि शेवटी माझं पाणी, दोन मोठे चमचे. मध्ये जराही खंड पडू द्यायचा नाही. सहा वाजून चार मिनिटांनी सगळं पोटात गेलेलं असतं.

तू आता कपाळावर आठ्या घालशील, म्हणून कारण सांगते. कारखान्यात पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं होतं, एका टाकीतून काढलेली वस्तू दुसऱ्या टाकीत जाईपर्यंत वाळता कामा नये. तेल काढायची टाकी, मग ऍसिड, मग धुणं, मग चांदी, सगळं एका दमात. मध्ये वस्तू वाळली की वरचा थर पापुद्रे धरून सुटतो. माझ्या हातची वस्तू एकतीस वर्षांत कधी परत आली नाही. शरीराला वेगळा नियम कशाला असेल? हे एकदा म्हणाले होते, “अगं, एक गिळून तरी होऊ दे.” मी म्हटलं, “वाळेल!”

आता लिहून गेले ते खोडत बसत नाही. खोडलेलं तू वाचशीलच, डॉक्टरांची अक्षरं लावण्यात तुझा जन्म गेलाय. ते गृहस्थ म्हणजे हेच.

गेलं वर्षभर ह्यांना थकवा आहे. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो. सगळ्यांना उकडत असताना हे स्वेटर घालतात, आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो. रोज चालत वाचनालयात जाणारा माणूस कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायला लागला. कॅल्शियम आणि लोह मी त्याच्या आधीपासूनच देत होते; थकवा दिसला म्हणून तर बाकीची खनिजं जोडली, आणि ऑक्टोबरात पाण्याच्या एका चमच्याचे दोन केले. नाही, तीन. सकाळी दोन आणि जेवणानंतर एक.

आणखी एक. घरं वाढली तसं पाणी पुरेना. मग मी बरणीत चिमूटभर मीठ टाकायला लागले. मिठाने करंट जोरात धावतो आणि दिवसाचं काम तासात होतं. हे कोणाला सांगितलेलं नाही.

ह्यांना थायरॉईडची गोळी बारा वर्षं चालू आहे. ती काही माझी नाही, डॉक्टरांची आहे. त्यामुळे थकव्याचं खापर माझ्या माथी फोडायच्या आधी जरा विचार कर.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी आठ पानं आली त्याच दिवशी ह्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. तू लिहिलं होतंस, ‘आज.’ खाली दोन रेघा मारल्या होत्यास. मी गेले.

त्यांनी ह्यांना खिडकीपाशी नेलं. हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवला आणि शेजारी स्वतःचा हात धरला. बाई सावळ्या आहेत, तरी त्यांचा हात हातासारखा दिसत होता. ह्यांचा गाल पेन्सिलीने रंगवल्यासारखा. एवढ्या स्वच्छ उजेडात मी ह्यांना चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. कारण घरात मीच तशी सोय करून ठेवली होती. ट्यूबलाइट काढून सगळीकडे पिवळे बल्ब लावले. डोळ्यांना त्रास होतो असं सांगितलं. हे बाहेर जाईनासे झाले तेव्हा शेजारी विचारायचे, मास्तर दिसत नाहीत? मी सर्दी झालीय म्हणायचे. ऑक्टोबरातच माझ्या लक्षात आलं होतं, धाकटे. थंडी वगैरे काही नव्हती. मला दिसत होतं आणि मी चमचे वाढवत होते. रंग आजारपणाचा आहे, चांदी जोरात दिली की उतरेल, असं स्वतःला सांगत होते.

बाईंनी काय सांगितलं ते तुला माहीतच आहे, तूच आधी लिहिलंस. चांदी कातडीत जाऊन बसली आहे. मीठ घातलं काय आणि न घातलं काय, ती बसणारच होती. ती निघत नाही. उन्हाने आणखी गडद होते, म्हणून उन्हात जपायचं. मी विचारलं, किती दिवसांनी फिकट होईल? बाई म्हणाल्या, “तसं वचन मी देऊ शकत नाही.” सरळ ‘नाही’ म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

आणि थकव्याचं तू लिहिलंस ते अगदी तसंच निघालं. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॅल्शियम, लोह तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं. मी चार तासांचं काम चार मिनिटांत उरकत होते. मागोमाग खनिजांचा मारा करून तिला अंगी लागू देत नव्हते. रक्त तपासलं तर ह्यांना गोळी चालू आहे असं वाटतच नव्हतं. म्हणजे आधी मी माणसाला थकवलं आणि मग थकवा घालवायला त्याला चांदी पाजली. आता गोळी एकटी दिली जाते आणि खनिजं सगळी बंद आहेत. बाई म्हणाल्या, ह्यांना त्यातल्या एकाचीही गरज नव्हती.

घरी येताना हे म्हणाले, “एवढं तोंड पाडू नकोस. रंग माझा गेलाय.” मी विचारलं, तुम्हाला कळत नव्हतं? तर म्हणतात, “दाढी करताना रोज कळत होतं. पण कारखाना सुटल्यावर तू वर्षभर भिंतीकडे बघत बसली होतीस. ती बरणी आली आणि तू पुन्हा गुणगुणायला लागलीस. म्हटलं, दोन चमच्यांनी काय होतंय.”

मी त्यांच्यावर भर रस्त्यात ओरडले. एवढा राग मला तुझाही कधी आला नव्हता.

अजून एक तू विचारलेलं नाहीस, विचारायच्या आत सांगते. मी स्वतः ते पाणी कधीच घेतलं नाही. मला कुठे काय झालं होतं?

ताई


८ मार्च

धाकटे,

तारा कापल्या. बरणी फोडली. आता बाटल्या.

एक्केचाळीस घरं आहेत आणि प्रत्येक घरातून बाटली परत आणायची आहे. तू लिहिलंस की एक चिठ्ठी छापून सगळ्यांच्या दारात टाक. नाही. दिली हाताने, तर घेणारही हातानेच. रोज जेवण झालं की पिशवी घेऊन निघते. दारात उभी राहते आणि सांगते, मी दिलेलं पाणी चुकीचं होतं, ते मास्तरांच्या अंगात बसलंय, परत द्या, आणि जे कोणी प्यायलं असेल त्याने डॉक्टरांना सांगावं. तिसऱ्या दारापर्यंत जीभ जड होत होती. आता झरझर येतं.

लोक फार चांगले असतात गं, त्याचाच त्रास होतो. वॉचमन म्हणाला, “काकू, मी ते कधी प्यायलोच नाही, तुमचं मन मोडायला नको म्हणून घेत होतो.” अशी निम्म्याहून जास्त घरं निघाली. एकीने तर ते पाणी झाडाला घातलं होतं. तीन वर्षं मी मान ताठ करून या रस्त्यावरून फिरत होते आणि माझं औषध कुंड्यांमध्ये जात होतं! त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

चाळीस बाटल्या आल्या. एकीवर घोडं अडलंय. शिंपीणबाई. तिला मी नुसती बाटली दिलेली नाही, तिला विद्या दिली. बरणी, तारा, बॅटऱ्या, सगळं माझ्या हातांनी तिच्या दुकानात मांडून दिलं, मिठाची चिमूटसुद्धा दाखवली. ती आता स्वतः बनवते आणि मुलीला देते. मुलीला सहावा महिना आहे. पहिलीच खेप. सासरहून बाळंतपणाला आली आहे आणि रोज दोन चमचे घेते, बाळाला ताकद यावी म्हणून.

मी गेले. सगळं सांगितलं. ती मशीन चालवत राहिली. मग म्हणाली, “काकू, डॉक्टरांनी तुम्हाला घाबरवलंय. त्यांचं दुकान बंद पडेल ना. मास्तरांचं वय झालंय, त्या वयात रंग बदलतोच. माझं पित्त गेलं ते मी डोळ्यांनी बघितलंय.” एकेक शब्द माझा, धाकटे. मीच तिला पढवलेला. मी गप्प बसावं म्हणून तिने माझ्याच आवाजात मला सुनावलं. मुलगी आत झोपली होती. मला आत जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. काल तिने मला बघून दुकानाचं दार ओढून घेतलं. मी सोडणार नाही. ते मूल जन्माला येईपर्यंत मी त्या दारात उभी राहायला तयार आहे. पण तोवर मुलाची वाढ थांबणार नाही आणि चमचेही थांबणार नाहीत.

त्या बंद दारासमोर उभी असताना मला आपली आई आठवली. तुलाही एकदा असंच बंद दारासमोर उभं केलं होतं मी. आईला न्यूमोनिया झाला होता, तू औषधं आणली होतीस, आणि मी तिच्या उशाशी बाटली ठेवून म्हणत होते, आधी हे दे. तू ती ओतलीस. आई नवव्या दिवशी गेली. मी चार माणसांत तुला म्हणाले की तू ओतली नसतीस तर आई राहिली असती. तू ते कोणापुढे खोडून काढलं नाहीस, नुसती बॅग भरून गेलीस. ते खोटं होतं. मला त्या दिवशीही ते खोटंच वाटत होतं. आई गेली याचा राग कोणावर तरी काढायचा होता आणि तू जवळ होतीस. मी माफी मागते. तू ती द्यावीस म्हणून नाही. मागायची राहिली होती.

तू येऊन शिंपीणबाईशी बोलशील का? तुझ्या हॉस्पिटलच्या पांढऱ्या कोटाला तरी ती मान देईल.

ताई


३ एप्रिल

धाकटे,

तिकीट काढू नकोस. म्हणजे यायचं असेल तर जरूर ये, पण त्या कामासाठी नको. ते झालं. मी केलं नाही, ह्यांनी केलं.

तुला बोलावलंय असं मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, “तिला एवढ्या लांबून कशाला? मी आहे ना इथे.” मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता दाढी करून, शर्ट घालून, छत्री उघडून हा माणूस बाहेर पडला. पाच महिन्यांनी पहिल्यांदा एकटा! कोरड्या उन्हात छत्री, तिच्याखाली तो चेहरा. रस्त्यावर वळून न बघणारा एकही नव्हता. मी मागून धावले तर म्हणाले, “तू घरी बस. तुला बघितलं की ती दार लावते.”

दुकानात जाऊन गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले. शिंपीणबाईने विचारलं, काय शिवायचंय? म्हणाले, “काही नाही. बसलोय.” एक वाजेपर्यंत बसले आणि जेवायला घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिच्या दुकानात दोन ट्यूबलाइट आहेत आणि समोर माणसाएवढा आरसा. गिऱ्हाईक आलं की आधी ह्यांच्याकडे बघायचं, मग आरशात बघायचं, मग कापडाचं विसरायचं. पहिले दोन दिवस तिने मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मास्तर, का छळता?” हे म्हणाले, “बाई, मी एक शब्द तरी बोललोय का?”

हे सगळं मला ह्यांच्याकडून कळायचं, तेही तोडून तोडून. घरात बसून मी नुसती येरझाऱ्या घालायचे. मला काहीच करायला नव्हतं. तशी वेळ माझ्यावर आयुष्यात कधी आली नव्हती.

पाचव्या दिवशी मुलगी बाहेर आली. ती ह्यांची विद्यार्थिनी, सातवीला भूगोल शिकवला होता तिला. आईने तिला काही सांगितलेलं नव्हतं. ती दारातच थबकली आणि म्हणाली, “सर?” तिला खात्री वाटेना. हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, “मीच. ही चांदी आहे. बायकोने बनवली, मी प्यायलो. तुझी आई बनवते तीच.” मग हात पुढे करून म्हणाले, “बघ. निघत नाही.” तिने ह्यांचा अंगठा पुसून बघितला, पदराने, जोरात, लहान मुलाचं तोंड पुसतात तसा. मग आतल्या खोलीत गेली आणि भडभडून ओकली.

त्याच दुपारी शिंपीणबाई आमच्या दारात आली. बरणी, तारा, बॅटऱ्या, भरलेल्या चार बाटल्या, सगळं तिने उंबऱ्यावर ठेवलं.  मला म्हणाली, “काकू, मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता.”

“ठेवायला नको होता,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“मग आता कोणावर ठेवू?”

 हे आतून चप्पल घालत आले आणि म्हणाले, “चला, मुलीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. सगळं खरं सांगू.” तिघं गेली. मला कोणी चल म्हणालं नाही. बरोबरच होतं. खिडकीतून मला ती वळणापर्यंत दिसली. हे मधे, छत्री मुलीच्या डोक्यावर धरलेली आणि स्वतः उन्हात.

बाईंनी मुलीला तपासलं. बाळाचे ठोके ऐकवले. ते ठीक आहेत, वाढ महिन्याप्रमाणे आहे. चांदीचं बाळाला काय झालं असेल ते आज सांगता येणार नाही, जन्मल्यावर बघू, असं स्पष्ट म्हणाल्या. मुलीची नखं गुलाबी आहेत. मी ह्यांना तीनदा विचारलं, गुलाबी म्हणजे कशी? शेवटी वैतागून म्हणाले, “गुलाबी म्हणजे गुलाबी! मी विसरलो नाहीये तो रंग.”

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आल्या. ह्यांचा थकवा बराच कमी झालाय, स्वेटर कपाटात गेला. रंग आहे तसाच आहे आणि तसाच राहणार. काम संपलं तरी हे दहा वाजता दुकानात जाऊन बसतात. म्हणतात, तिथे गप्पा बऱ्या असतात.

शिंपीणबाई ह्यांना चहा देते. माझ्याशी बोलत नाही. बाळ येईपर्यंत बोलणार नाही, आणि आल्यावर ते कसं निघतं त्यावर पुढचं. काल मी ब्लाऊजपीस घेऊन दुकानात गेले. तिने मापं घेतली, वहीत लिहिली. मी हात वर करून उभी होते आणि ती टेप ओढत होती, जरा जास्तच घट्ट.  ब्लाऊज शनिवारी मिळणार आहे. तो घेतला की लगेच दुसरा टाकणार आहे.

ताई